आई घरी, बाई शनिवारी

होमस्कूलिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उशिरा उठायचं, दप्तर नाही, पायजम्यातच गणित. एकदम मस्त! पण त्या घरातल्या आईला एकदा विचारून बघा.

माझी मावशी तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवते. मध्यंतरी एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, मी त्याची आई राहिलेच नाहीये. जेवतानाही पाढे विचारते." अपूर्णांकांवरून दोघांची रोज भांडणं व्हायची. त्याचं चुकतंय की माझं, हे सांगणारं कुणीच नाही, ही तिची खरी तक्रार.

काही देशांत हे सांगायला एक माणूस असतो, देखरेख करणारा शिक्षक. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घरी शिकवण्यासाठी पालकांपुढे पात्रतेचे काही पर्याय असतात. त्यातला एक म्हणजे प्रमाणित शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवणं. हा शिक्षक पालकांसोबत अभ्यास आखतो, मुलाला आठवड्याला सरासरी एक तास भेटतो आणि प्रगती तपासतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात देखरेखीचा पर्याय निवडला, तर शिक्षक वर्षातून किमान दोनदा मूल्यमापन करतो. रोजचं शिकवणं मात्र पालकांकडेच.

आणि आपल्याकडे? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही. त्यामुळे असा शिक्षकही कुणी नेमून देत नाही. एनआयओएसमधून दहावी करायची, तर अभ्यास केंद्र मिळतं, तिथे संपर्क वर्ग होतात आणि टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायचे प्रकल्प, शिक्षक तपासतात. थिअरीत त्यांना २० टक्के वजन असतं. पण त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष ए, बी, सी पातळ्या आहेत. तरी मंगळवारी दुपारी अडलं, तर जायचं कुणाकडे? ते आपणच शोधायचं.

मावशीने शोधलं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. शनिवारी एक तास यायला त्या तयार झाल्या. पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. नुसत्या गप्पा मारल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आता हेच लिही." जो मुलगा वीस मिनिटं लोकल गाड्यांवर बोलला, त्याने कशाबशा तीन ओळी लिहिल्या. नंतर बाई मावशीला म्हणाल्या, "गणित ठीक आहे त्याचं, तुम्ही घाई करताय. काळजी लिहिण्याची करा."

मावशीला रडूच आलं. तो सांगायचा आणि लिहून ती घ्यायची, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी असं शिकवत असेल, तर मावशीच्या अनुभवातून एवढं सांगा. मदत मागताना "कसा आहे हो?" असं मोघम विचारू नका, नेमकी अडचण सांगा. कामाचे नमुने तारीख घालून जपा, फक्त चांगलेच दाखवू नका. त्या तासाला मुलाला शिक्षकांसोबत एकटं राहू द्या, दारामागून उत्तरं सुचवू नका. मानधनाचं आधीच बोलून घ्या. आणि सल्ला पटला नाही तर तसं सांगा. शेवटी मुलाला रोज बघता तुम्हीच.

बी.एड. करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमचा आठवड्यातला एक तास एखाद्या आईला पुन्हा नुसती आई होऊ देऊ शकतो.

मावशीचा मुलगा आता आठ-दहा ओळी लिहितो. अक्षर अजून वाचवत नाही. पण जेवताना पाढे बंद झालेत. पाढे शनिवारी, बाईंसमोर.