पॅलेट, गेरू आणि बाटलीतला मनीप्लांट

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली आणि पुढे शेतांच्या जागी उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. फ्लॅटचा हप्ता सुरू झाला की सजावटीला हातात फारसं उरत नाही. मग मोबाईलवर पाहिलेलं ‘टाकाऊतून टिकाऊ’ घरी करायचं ठरतं. हौस चांगलीच आहे. पण ऐकीव गोष्टींवर विसंबलं की स्वस्तातलं काम दोनदा करावं लागतं.

सगळ्यांत जास्त ऐकीव माहिती आहे ती लाकडी पॅलेटबद्दल. चाकणची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर, तिथला माल पॅलेटवरच येतो-जातो, त्यामुळे जुनी पॅलेट या भागात सहज मिळतात. काहीजण म्हणतात, स्वस्तातलं लाकूड, घासलं की टीपॉय तयार. काहीजण म्हणतात, ते औषध मारलेलं, घरात नको. दोघंही शिक्का न बघता बोलतात. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून ‘आयएसपीएम १५’ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार फळीवर लोंबीचं चिन्ह, देशाची खूण आणि प्रक्रियेची रोमन अक्षरं उमटवतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. त्यात औषध नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणूच नये. शिक्का नसला म्हणून मात्र लाकूड विषारी ठरत नाही, कारण देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो लागतच नाही.

माझ्या मते शिक्क्याहून महत्त्वाचा प्रश्न, त्या पॅलेटवर आजवर काय सांडलं हा. कटिंग ऑइल, कूलंट, ग्रीस लाकडात मुरलं की वरून कितीही पॉलिश मारा, उपयोग नाही. काळे डाग किंवा उग्र वास असेल तर ‘एचटी’ असूनही सोडून द्या. चांगलं मिळालं तर आधी सगळे खिळे उपटा, तोंडाला मास्क लावून पॉलिश पेपरने घासा, आणि मगच रंग किंवा वॉर्निश. पाइनचं लाकूड मऊ, नखानेही ओरखडा उमटतो. कुंड्यांचा स्टँड, चपलांचा रॅक उत्तम होतो. जेवणाच्या टेबलाचा हट्ट नको.

तयार झालेला रॅक भिंतीवर लावायला खिळा आणि हातोडी पुरेल, हाही एक भ्रम. बऱ्याच नव्या इमारतींच्या भिंती विटांच्या नसतात, मायवान पद्धतीच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या असतात. तिथे खिळा वाकतो आणि रंगाचे टवके उडतात. हॅमर ड्रिल, गिट्टी आणि स्क्रू, हाच मार्ग. भाड्याच्या घरात चिकटणारे हुक चालतात, फक्त भिंतीवर हात फिरवून पाहा: बोटांना पावडर लागली तर हुक रंगासकट खाली येणार.

वारलीचंही तसंच. गेरू आणि तांदळाचं पीठ कालवलं की झालं, असं वाटतं. ती कला मूळची कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीची. तिथे गेरू भिंतीत मुरतो. प्लास्टिक पेंटवर तो नुसता बसतो आणि हात लागला की निघतो. गेरूत थोडा फेविकॉल घाला, पांढऱ्यासाठी अॅक्रेलिक वापरा. त्याहून सोपं म्हणजे पुठ्ठ्यावर रंगवून तो टांगा. थर्मोकोलचा विचारही नको, त्याच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे.

जुन्या साड्यांची गोधडी करायला शिलाई मशीन हवं, असंही म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ती सुई आणि धावदोऱ्यावरच शिवली. सोफ्यावर टाकायला मऊ सुती साडी घ्या, सिंथेटिक सुळसुळते.

राहिला मनीप्लांट. तो घरातली हवा शुद्ध करतो, या समजाचं मूळ १९८९च्या नासाच्या अभ्यासात आहे. तो बंदिस्त पेटीतला प्रयोग होता. २०१९मध्ये अशा प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा खऱ्या घरात परिणाम दिसायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. म्हणजे तो ठेवायचा तो दिसतो छान म्हणून. काचेच्या बाटलीत ठेवणार असाल तर पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.