पालीची अंडी आणि थर्मोकोलची पेटी

पाल म्हटलं की तुमची आजी काय करते? माझी आजी आधी ओरडायची आणि मग झाडू शोधायची. त्यामुळे आमच्या न्यू जर्सीच्या घरी आम्ही दोन पाली पाळल्या आहेत, हे तिला सांगायला मला एक महिना लागला.

या पाली म्हणजे लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात, म्हणून हे नाव. त्या मूळच्या पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातल्या. आपल्या घरातल्या पालीसारख्या त्या भिंतीवर चढत नाहीत, आणि त्यांना पापण्या असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या मादीने ओल्या शेवाळात दोन अंडी घातली. तिथून ही गोष्ट सुरू होते.

माझी चूक

मी गावात वाढलो. आमची कोंबडी अंड्यांवर बसायची आणि चोचीने ती अधूनमधून फिरवायची. मी विचार केला, अंडं ते अंडं! म्हणून मी पालीची अंडी एका डब्यात ठेवली आणि रोज सकाळी न चुकता उलटी केली. काही दिवसांनी दोन्ही अंडी पिवळी पडली आणि आत खचली. माझा मुलगा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मग मी वाचायला लागलो. पक्ष्याच्या अंड्यात पिवळ्या बलकाला दोन्ही बाजूंनी पीळ दिलेल्या दोऱ्या असतात. त्या बलकाला मध्यभागी धरून ठेवतात. पालीच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात आतला छोटा जीव वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो. आपण अंडं उलटं केलं, तर तो तुटू शकतो किंवा बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून पहिला नियम: अंडं जसं सापडलं तसंच उचला, आणि वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करा. ती खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे.

पेटी कशाला हवी?

पाल अंड्यांवर बसत नाही. ती अंडी ओलसर मातीत पुरते आणि निघून जाते. पुढचं काम जमिनीची ऊब करते. पण आपल्या घरात जमिनीची ऊब नाही, म्हणून ती आपण तयार करायची. त्यासाठी मी जे सामान वापरलं ते असं:

- झाकण असलेली थर्मोकोलची मोठी पेटी
- माशांच्या टाकीत वापरतात तो पाण्याखाली चालणारा हीटर
- दोन विटा
- झाकणाचा छोटा प्लास्टिकचा डबा
- लांब वायरचा थर्मामीटर
- व्हर्मिक्युलाइट. हे बागकामाच्या दुकानात मिळतं. ते हलकं असतं आणि पाणी धरून ठेवतं.

कशी बनवायची?

हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा, कारण इथे पाणी आणि वीज एकत्र आहेत.

१. पेटीत दोन विटा ठेवा. विटांचा वरचा भाग कोरडा राहील, पण हीटर पूर्ण बुडेल इतकं पाणी भरा.

२. हीटरची वायर बाहेर काढायला पेटीच्या काठावर छोटी खाच करा. प्लगकडे जाताना वायर मध्ये थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. दर वेळी!

३. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी सारख्या वजनाचं घ्या. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. नीट कालवा. मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी ठिबकता कामा नये.

४. हे मिश्रण डब्यात भरा. बोटाने छोटे खड्डे करा आणि त्यात अंडी अर्धी बुडतील अशी ठेवा. डब्याच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पाडा, पण वरचं झाकण बंद ठेवा. पेटीच्या झाकणावरून पाण्याचे थेंब पडतात. ते अंड्यांवर पडले तर अंडी सडतात.

५. डबा विटांवर ठेवा. थर्मामीटरचं टोक डब्यात, अंड्यांजवळ ठेवा.

हीटरचं डोकं अगदी सोपा प्रोग्राम चालवतं: पाणी गार झालं तर चालू हो, गरम झालं तर बंद हो. पण तो पाणी मोजतो, अंडी नाही. माझ्या पेटीत पाणी ३१ अंश सेल्सिअस असताना डब्यात २८ अंश होते. म्हणून अंडी ठेवण्याआधी रिकामी पेटी दोन-तीन दिवस चालवून बघा. आम्ही ऑफिसमध्ये टेस्टिंग केल्याशिवाय काहीच लाइव्ह करत नाही. इथे तर जिवाचा प्रश्न आहे. अंडी आली आणि पेटी तयार नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

मुलगा की मुलगी? तापमान ठरवतं!

लेपर्ड गेकोचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. सुमारे २६-२७ अंशांना बहुतेक माद्या होतात आणि सुमारे ३२ अंशांना बहुतेक नर. मधल्या तापमानाला दोन्ही होऊ शकतात. म्हणजे पेटीचं बटण फिरवताना आपण फार मोठी गोष्ट ठरवत असतो.

समुद्री कासवांचंही असंच आहे, फक्त तिथे वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळू लागले. किनाऱ्यावरची अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुन्हा पुरली जातात. तिथे हीटर नाही, ऊन आणि वाळू आहे. भारतात गेलात तर पिल्लं समुद्राकडे जाताना नक्की बघा. पण रानातली किंवा किनाऱ्यावरची अंडी आपण कधीही उचलायची नाहीत. वन्य प्राण्यांसाठी भारतात १९७२ चा कायदा आहे. ही पेटी फक्त घरी पाळलेल्या प्राण्यांसाठी.

वाट बघणं

आठवड्यातून एकदा डबा उघडा, ताजी हवा जाऊ द्या आणि लगेच बंद करा. आठवड्याभराने अंधारात अंड्याला न हलवता जवळून छोटी टॉर्च लावा. आत गुलाबी प्रकाश आणि लाल शिरा दिसल्या, तर आत जीव आहे. साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. शेवटी अंडं थोडं खचतं आणि त्यावर पाण्याचे बारीक थेंब येतात. तेव्हा मदत करायचा मोह होतो. करू नका. पिल्लू स्वतः कवच फाडतं.

दुसऱ्या वेळी आमच्या दोनपैकी एका अंड्यातून ५४व्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. दुसरं अंडं उमललंच नाही, आणि का, ते मला कळलं नाही. मुलाने ते बागेत पुरलं. मग आम्ही आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाल ती पालच रे. पण डोळे गोड आहेत हो पोरीचे."

एक शेवटची गोष्ट. अंडी पेटीत ठेवण्याआधीच ठरवा, की पिल्लं कोण सांभाळणार. लेपर्ड गेको १५ वर्षांहून जास्त जगू शकतो. पेटीचं काम दोन महिन्यांचं आहे, पिल्लाचं नाही.

नवीन शब्द

उबवणे – ऊब देऊन अंड्यातला जीव वाढवणे
बलक – अंड्याच्या आतला पिवळा भाग
खचणे – आत दबणे, खाली बसणे
ठिबकणे – थेंब थेंब पडणे

सांगा बघू

१. कोंबडीचं अंडं फिरवलेलं चालतं, पण पालीचं का चालत नाही?
२. थर्मामीटर पाण्यात न ठेवता अंड्यांजवळ का ठेवायचा?
३. तुमच्या आजीला किंवा आजोबांना फोन करा आणि विचारा: लहानपणी त्यांनी कोणाची अंडी उबताना पाहिली होती? त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा.