गुडघ्याखालचं हवामान

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथाकडे चढणारी फरसबंद वाट जेमतेम चार किलोमीटरची आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना खर्सू ओक आणि बुरांशाची झाडी लागते. वर जावं तशी झाडं बुटकी आणि वाकडीतिकडी होत जातात आणि साधारण ३,३०० मीटरच्या आसपास संपतातच. तिथून ३,६८० मीटरवरच्या देवळापर्यंत आणि त्याही वर चंद्रशिलेच्या माथ्याकडे नुसता हिरवा उतार पसरलेला असतो. गढवालात याला बुग्याल म्हणतात. हिवाळ्यात इथे देवही थांबत नाही. तुंगनाथाची डोली खाली मक्कूमठला येते आणि देवळाची दारं वसंतापर्यंत बंद राहतात.

शाळेच्या भूगोलात टुंड्रा म्हटलं की सैबेरिया, अलास्का आणि रेनडिअर एवढंच आठवतं. पण उंच डोंगरांवर, झाडं संपतात तिथपासून कायमचा बर्फ सुरू होतो तिथपर्यंत, त्याच जातीचा आणखी एक प्रदेश असतो. त्याला अल्पाइन टुंड्रा म्हणतात. हिमालय, आल्प्स, रॉकी, अँडीज अशा सगळ्या मोठ्या पर्वतरांगांवर तो आहे. ध्रुवाजवळच्या टुंड्रात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि जमीन खोलवर कायम गोठलेली असते. डोंगरावरच्या टुंड्रात रोज रात्र होते, दुपारचं ऊन भाजून काढतं आणि सूर्य ढगाआड गेला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. हिमालयाच्या पूर्व आणि मध्य भागात त्यात पावसाळ्याची भर पडते, त्यामुळे ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत इथली फुलं भिजत उभी असतात.

झाडं नसलेला फुलांचा माळ म्हटलं की मराठी माणसाला कास आठवतं, आणि कासला ‘महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणायची रीतही पडून गेली आहे. हे साम्य डोळ्यांपुरतंच आहे. साताऱ्याजवळच्या त्या पठारावर झाडं नाहीत, कारण जांभ्याच्या सड्यावर मातीच नावापुरती आहे. थंडीचा तिथे काही संबंध नाही. बुग्यालावर माती आहे, पाणी आहे आणि ऊनही आहे. तरीही झाड नाही.

का नाही, याची कारणं पूर्वी बरीच सांगितली जात. विरळ हवा, वारा, हिवाळ्यातला गारठा, बर्फाचा भार. पण भूर्जासारखं झाड कडाक्याचा हिवाळा सहज काढतं. स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिश्चन कोर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वृक्षरेषांवर तापमान मोजलं, तेव्हा एक सरळ गोष्ट पुढे आली. ही रेषा कुठे २,००० मीटरवर असते, तर कुठे ४,००० च्याही वर. मात्र वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान जवळपास सगळीकडे ६ ते ७ अंश सेल्सिअस भरतं. थंडीत झाडाची उपासमार होत नाही, पानं साखर तयार करतच असतात. अडतं ते पुढे. ५ अंशांच्या खाली नव्या पेशी घडण्याचं काम इतकं मंदावतं की त्या साखरेचं लाकूड होत नाही.

मग त्याच जागी गवत आणि फुलं कशी वाढतात? उत्तर उंचीत आहे, पण ही उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची. झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्यामुळे त्याला हवेचंच तापमान सोसावं लागतं. जमिनीला चिकटून असलेल्या रोपाभोवती वारा पडलेला असतो आणि तापलेली माती त्याला ऊब देते. उन्हाच्या दिवशी दोन मीटरवर हवा ८ अंशांची असेल, तर खाली पानांच्या गर्दीत ती २० च्या घरात जाऊ शकते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटर वर टांगलेला असतो. तो सांगतो ते हवामान या वनस्पतींचं नव्हेच. म्हणूनच बुग्याल उभ्याने पाहायची जागा नाही, आणि ड्रोनने तर नाहीच नाही. तिथे गुडघे टेकावे लागतात.

लडाखच्या उघड्याबोडक्या उतारांवर थायलॅकोस्पर्मम नावाची वनस्पती दिसते, किंवा बहुतेकांना दिसतच नाही. ती गोल, टणक, शेवाळी धोंड्यासारखी असते आणि लोक खुशाल तिच्यावर बसतात. प्रत्यक्षात ते शेकडो बारीक फांद्यांचं घट्ट झुडूप असतं. फांद्यांची टोकं इतकी एकाला एक भिडलेली असतात की वारा आत शिरत नाही आणि ओल बाहेर पडत नाही. वाळलेली पानं आतच कुजतात, म्हणजे खतही घरचंच. वाढ अतिशय संथ असते, म्हणून अशा धोंड्यावर मारलेली बुटाची एक टाच भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

फेनकमळाने लोकरीचा मार्ग धरला आहे. चार हजार मीटरच्या वरच्या दगडगोट्यांत पांढऱ्या कापसाचा गोळा पडलेला दिसावा तसं ते दिसतं. लोकरीच्या आत जांभळट फुलं असतात आणि माथ्यावर भुंग्यांना आत शिरता येईल एवढी वाट. ही लोकर उबेसाठी असतेच, शिवाय पावसाचं पाणी परागांपर्यंत पोचू नये म्हणूनही ती उपयोगी पडते. त्याच कुळातलं ब्रह्मकमळ फुलांभोवती फिकट, कागदी पाकळ्यांसारखी पानं गुंडाळून घेतं. ते उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि केदारनाथाला वाहिलं जातं. आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंडीत रात्री उमलतं आणि ज्याचे फोटो सकाळी व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते मेक्सिकोकडचं निवडुंग. त्याचा हिमालयाशी काडीचाही संबंध नाही.

आणि मग या बुटक्यांच्या राज्यात सिक्कीमचा ऱ्हिअम नोबिले येतो. जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये लाचेनच्या खोऱ्यात, काळ्या कड्यांवर, मैलभर अंतरावरून त्याचे फिकट ठिपके पाहिले आणि ते काय असावं हे त्याला कळेना. हा माणसाच्या छातीइतका उंच वाढतो. सगळा नियम मोडून उंच होणं त्याला परवडतं, कारण तो स्वतःचं काचघर सोबत बाळगतो. खोडाभोवती लटकणारी दुधी, अर्धपारदर्शक पानं उजेड आत सोडतात, पण अतिनील किरण बरेचसे अडवतात. उन्हाच्या वेळी आतली हवा बाहेरपेक्षा कित्येक अंश उबदार असते आणि खरी फुलं तिथे, आडोशाला असतात. वर्षानुवर्षं जमिनीलगत पानं पसरून तो साठा करतो, एकदाच फुलतो आणि मरतो. सिक्कीमचे लोक त्याला चुका म्हणत आणि त्याचे आंबट दांडे खात, हेही हूकरने नोंदवलं आहे.

घाई मात्र इथे कुणालाच परवडत नाही. बिस्टोर्टा व्हिव्हिपारा ही बोटभर उंचीची, पांढऱ्या तुऱ्याची वनस्पती हिमालयातही आहे आणि अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातही. कोलोरॅडोमधल्या तिच्या अभ्यासात दिसलं, की एक पान किंवा एक तुरा कळीच्या पहिल्या खुणेपासून पूर्ण व्हायला चार वर्षं घेतो. बर्फ वितळताच आठवड्याभरात फुललेला उतार पाहून प्रवासी थक्क होतात, पण ती फुलं आधीच्या उन्हाळ्यांत बांधून ठेवलेली असतात. यंदाचा हंगाम वाईट गेला तर त्याचा फटका कदाचित तीन वर्षांनी दिसेल.

प्राण्यांचंही लक्ष जमिनीकडेच असतं. तुंगनाथाच्या दगडांच्या राशींत पायका राहतो. दिसायला बिनशेपटीचा उंदीर, नात्याने सशाचा भाऊबंद. तो हिवाळ्यात खाली उतरत नाही आणि झोपूनही राहत नाही. वर बर्फाची जाड गोधडी असली की हवा उणे १५ झाली तरी दगडांच्या फटीत तापमान शून्याच्या आसपास टिकतं आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. त्याला उलट भीती उन्हाची. अमेरिकन पायकांवरच्या प्रयोगांत, आडोसा मिळाला नाही तर पंचविशीच्या थोडं वरचं तापमानही काही तासांत जिवावर बेतलं. लडाखी लोक ज्याला फ्या म्हणतात तो मार्मोट दुसऱ्या टोकाचा. तो उन्हाळाभर खाऊन चरबी चढवतो आणि अर्ध्याहून अधिक वर्ष बिळात गाढ झोपून काढतो. पँगाँगच्या रस्त्यावर गाड्या थांबवून त्याला बिस्किटं चारणारे पर्यटक त्याच्या याच हिशेबात ढवळाढवळ करतात.

पोस्टरवर अर्थात हिमबिबट्याच असतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला, त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये. पण हिमबिबट्या भरलसारख्या रानटी मेंढ्यांवर जगतो आणि भरल या घोट्याएवढ्या गवतावर. पैसा आणि कॅमेरे बिबट्यामागे जातात. गवताकडे तितकं लक्ष जात नाही.

तापमानवाढीचा परिणाम इथे सरळ रेषेत होत नाही. बर्फ लवकर वितळला की वाढीचे दिवस वाढतात, हे खरं. पण गोधडी लवकर निघाल्याने कळ्याही लवकर उघड्यावर येतात आणि उशिराच्या हिमकडाक्यात सापडतात. कोलोरॅडोत गॉथिक इथल्या कुरणांवर अनेक वर्षं नोंदी ठेवणाऱ्या डेव्हिड इनोये यांना नेमकं हेच दिसलं: लवकर वितळलेल्या वर्षांत काही फुलझाडांच्या कळ्या मोठ्या प्रमाणावर गोठून गेल्या. दुसरीकडे, लडाखमध्ये चेक शास्त्रज्ञांच्या एका गटाला ६,१५० मीटरवर सहा जातींची फुलझाडं सापडली. नाण्याएवढी रोपं, आणि मुळांतल्या वर्षवलयांवरून पाहता तिथे अलीकडेच रुजलेली. झाडांची रेषाही त्यांच्या मागोमाग वर सरकू पाहते आहे. मात्र डोंगर वर निमुळता होत जातो, सरकायला जागा कमी कमीच होत जाते.

बुग्यालांना यापेक्षा तातडीचा धोका पायांचा आहे. आली, बेदनी आणि बगजी बुग्यालांवरच्या एका याचिकेचा निकाल देताना उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि एका वेळी २०० हून जास्त पर्यटक नकोत असं बजावलं. आली-बेदनीवरून जाणाऱ्या रूपकुंडाच्या वाटेवर पुण्या-मुंबईचे गट दरवर्षी जात. अनेकांना ही बंदी जाचक वाटली, आणि तंबू-खेचरांवर पोट असलेल्या वाण-लोहाजंग गावांतल्या लोकांना तर ती फारच महागात पडली. पण गवताच्या गालिच्याला एकदा भोक पडलं की पावसाचं पाणी तिथूनच माती काढत नेतं.

चराईचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ जिथे उतरला ती व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि मेंढपाळांची वाट बंद झाली. त्यानंतर पुरुषभर उंचीची पॉलिगोनम ही वनस्पती दरीत फोफावू लागली. वन विभागाला दरवर्षी माणसं लावून ती उपटावी लागते. मेंढ्या थांबल्याने हे झालं असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते ती हिमलोटांनी आणि दरडींनी उकरलेल्या जागांवर तशीही वाढतेच.

उत्तरकाशीजवळच्या दयारा बुग्यालात वन विभागाने धूप थांबवण्यासाठी वेगळाच प्रयोग केला. नाल्यांच्या तोंडाशी चीडाच्या वाळल्या पानांचे, म्हणजे पिरुलाचे, बंधारे घातले, बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि उघड्या पडलेल्या उतारांवर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या. काथ्या काही वर्षांत कुजून जातो. तोवर जाळीखाली स्थानिक गवताने मूळ धरावं, असा त्यामागचा हिशेब आहे.