शेवटची बोट साडेपाचची : एक दिवस समुद्रापलीकडे

आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत. सहल म्हटलं की कुणी म्हणेल, त्यात काय सांगायचं, गाडीत बसायचं न जायचं! पण धुळे तालुक्यातल्या आमच्या गटातल्या सोळा जणी पहिल्यांदा घरच्या माणसांशिवाय मुंबईला जाऊन, बोटीनं घारापुरीच्या लेण्या बघून आल्या, तेव्हा कळलं की सहलीलाही हिशोब लागतो. तो पैशाचा असतो आणि त्याहून जास्त वेळेचा असतो.

आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बायांनी एकटं एवढ्या लांब कशाला जायचं?" त्यामुळे मनात एकच धाकधूक होती. काही चुकलं, कुणी हरवलं, कुणी मागे राहिलं, तर पुढच्या वेळी एकीलाही उंबऱ्याबाहेर पडू देणार नाहीत. म्हणून दोन बैठका फक्त नियोजनासाठी घेतल्या.

हिशोब उलटा मांडायचा

घारापुरी हे बेट आहे. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात ते येतं, पण जायचं बहुतेक मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून. बोटीला साधारण तासभर लागतो. सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात आणि बेटावरून परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास असते. ती गेली की पंचाईत. म्हणून तिकीट काढतानाच परतीची वेळ विचारून घ्यायची आणि तिकीट जपून ठेवायचं, कारण परत येताना तेच दाखवावं लागतं.

आम्ही हिशोब शेवटच्या बोटीपासून मागे मांडला. बोट साडेपाचची, तर धक्क्यावर साडेचारला हजर. म्हणजे लेण्यांतून साडेतीनला निघायचं. जेवण एकला. त्याआधी दोन तास लेण्या बघायच्या, म्हणून सकाळी नऊला गेटवेवर पोचायचं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : सोमवारी लेण्या बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद ठेवतात. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

प्रवास आणि पैसा

धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही रात्रीच्या एसटीनं गेलो. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे. त्यासाठी आधार कार्ड सोबत हवं. दादरला उतरून लोकलनं सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं गेटवे. दर आठवड्याच्या बचतीव्यतिरिक्त प्रत्येकीनं वीस रुपये वेगळे ठेवले होते, त्यातून सहलीचा खर्च भागला. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावला नाही.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि पाण्याच्या बाटल्या नेल्या. खाण्याची पिशवी मात्र बंद ठेवा. बेटावरची माकडं हातातलं ओढून नेतात. आमच्या एकीची दशम्यांची पुरचुंडी गेलीच!

बोटीत बसताना

बोट सुटली आणि आमच्या जिजी म्हणाल्या, "माय वो, इतलं पानी!" मग बराच वेळ कुणी बोललंच नाही.

पण आधी महत्त्वाचं. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवरच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. बोटीत शंभरावर माणसं होती, त्यातली दहापेक्षा जास्त माणसं दगावली. म्हणून बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागायचं, अंगात घालायचं आणि पट्टे आवळायचे. लाजायचं नाही. साडीवर वेडं दिसतं, दिसू द्या. बोट भरून वाहत असेल तर पुढच्या बोटीनं जायचं. मळमळत असेल तर मोकळ्या हवेत बसून लांबच्या किनाऱ्याकडे नजर ठेवायची, आणि रिकाम्या किंवा तुडुंब पोटी बसायचं नाही. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मागतात, ते आधीच विचारा.

सकाळी पायरीला टेकलेली बोट परतताना खाली दिसली, तेव्हा एकीनं विचारलं, "पाणी कुठं गेलं?" समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र-सूर्याच्या ओढीनं पाणी चढतं-उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक जास्त असतो. म्हणून बोटीत चढता-उतरताना हात धरूनच पाऊल टाकायचं.

लेण्यांमध्ये काय पाहायचं

धक्क्यापासून छोटी झुकझुक गाडी पायथ्यापर्यंत जाते. चालतही जाता येतं. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. लेण्यांचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा चाळीस रुपये होतं, 15 वर्षांखालच्या मुलांना नव्हतं.

लेण्या सुमारे 1,500 वर्षांपूर्वीच्या, काळ्या पाषाणात वरून खाली आणि बाहेरून आत कोरलेल्या. हा दगड आपल्या लळिंगच्या डोंगराचाच भाऊ. 1987 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. मुख्य लेण्यात तीन मुखांची शिवाची प्रचंड मूर्ती आहे, 18 ते 20 फूट उंच. मधलं मुख शांत, एका बाजूचं उग्र, आणि दुसऱ्या बाजूचं कोमल, बाईचं वाटावं असं. जवळच अर्धनारीश्वर आहे, अर्धा शिव, अर्धी पार्वती. शिव-पार्वतीच्या लग्नाचा देखावाही आहे. आम्ही तिथं जमिनीवर बसलो आणि बराच वेळ बघत राहिलो. जिजी म्हणाल्या, "आपले देवबी अर्धे-अर्धेच शेत, मग घरनं काम अर्धं का नको?" सगळ्या हसल्या, पण गोष्ट खरी होती.

पोर्तुगीजांना इथं दगडी हत्ती दिसला, त्यावरून ते बेटाला एलिफंटा म्हणू लागले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

बेटावरच्या बाया

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी बेटावरच्या बाया काकडी, मक्याचं कणीस, कैरी, माळा विकतात. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन वस्त्या आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथं विजेची कायमची सोय झाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये! एका ताईंशी बोललो. पर्यटक दिवसभरच येतात, संध्याकाळी बेट रिकामं होतं, तेव्हा कमाई त्या सात-आठ तासांतच करायची. आम्ही ठरवलं की जेवढं घ्यायचं तेवढं या बायांकडूनच घ्यायचं.

हीच गोष्ट जगभर आहे. मेक्सिकोत कोझुमेल नावाचं बेट आहे. तिथं मोठमोठी क्रूझ जहाजं सकाळी लागतात, हजारो माणसं दिवसभरासाठी उतरतात आणि संध्याकाळी जहाज निघतं. उशीर झालेल्यासाठी जहाज थांबत नाही. शिवाय जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, त्यामुळे लोक फसतात. म्हणून तिथले जाणते प्रवासी सांगतात, की जहाजाच्या वेळेवर चाला आणि तासभर आधी या. आपला साडेचारचा नियम तोच.

तो तास उपयोगी पडला

साडेचारला धक्क्यावर मोजणी केली, तर चौदा! दोन कमी. काळीज धडधडलं. पण आम्ही सुरुवातीलाच जोड्या केल्या होत्या, प्रत्येकीनं आपल्या जोडीदारणीला सोडायचं नाही. त्यामुळे दोघी एकत्र असणार हे माहीत होतं. दोघी जणी मागे गेल्या. त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, एकीचा गुडघा धरला होता आणि फोनची बॅटरी संपली होती. हळूहळू आधार देऊन खाली आणलं, गाडीनं धक्क्यावर आणलं. पाच वाजून दहा मिनिटांनी सगळ्या बोटीत. तो एक तास हातात नसता तर?

तुमच्या गटासाठी

सहल ठरवली तर एवढं करा : शेवटच्या बोटीपासून मागे वेळ मांडा. जोड्या करा आणि प्रत्येक टप्प्यावर मोजणी करा. एकीच्या नाही, प्रत्येकीच्या चिठ्ठीवर चार फोन नंबर लिहा. औषधं आणि सॅनिटरी पॅड पिशवीत ठेवा. स्वच्छतागृह दिसलं की गरज नसली तरी जाऊन या. आणि घरी निघतानाच परतीची वेळ सांगा.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगितलेल्या वेळेला गावात उतरलो. स्टँडवर सासरे, नवरे, पोरं उभी होती. पहिला प्रश्न आला, "कसं होतं?" दुसरा प्रश्न शेजारच्या सुनेचा होता : "पुढच्या खेपेला मला न्याल का?" न्यायचं आम्ही ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.