जयपूरच्या कपातील कॉफी मळ्यातच घडते

जयपूरच्या परिसरात कॉफीचे पीक येत नाही. तेथील कोरडा, तीव्र उन्हाळा या झाडाला मानवत नाही. तरीही शहरातील एम. आय. रोडवरील इंडियन कॉफी हाउस असो वा अलीकडची भाजणी केंद्रे, तेथे दिल्या जाणाऱ्या भारतीय कॉफीची चव बहुतांशी सुमारे दीड हजार किलोमीटर दूरच्या पश्चिम घाटात आधीच ठरलेली असते. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

साधारण १,००० मीटरपेक्षा उंचावर, सावलीत वाढणाऱ्या अरेबिकाचे फळ सावकाश पिकते. त्यामुळे तिला सौम्य आंबटपणा व सुगंध लाभतो. सखल भागातील रोबस्टा कडवट, दाट आणि अधिक कॅफिनयुक्त असते. मात्र खरा फरक तोडणीनंतर पडतो. गर काढून, आंबवून व धुऊन वाळवलेली कॉफी स्वच्छ चवीची होते. अख्खे फळ वाळवल्यास फळासारखा गोडवा उतरतो. ‘मान्सून्ड मलबार’साठी तर बिया किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळी वाऱ्यावर काही आठवडे पसरतात. त्या फुगतात, फिक्या सोनेरी होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो.

पूर्वी ही वैशिष्ट्ये ग्राहकापर्यंत पोहोचणे अवघड होते. मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. उत्तम मालाची ओळख तेथेच पुसली जाई. १९९६ पर्यंत हे बंधन टप्प्याटप्प्याने उठले आणि मळ्याच्या नावाने माल विकता येऊ लागला.

महाराष्ट्रात मेळघाटातील चिखलदरा येथे, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, कॉफी होते. उंची अनुकूल असली तरी केवळ तिच्या भरवशावर भाव मिळत नाही. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने लालबुंद फळेच निवडून अनेक फेऱ्यांत तोडावी लागतात. मजुरी वाचविण्यासाठी फांदी ओरबाडली, तर हिरव्या फळांचा तुरटपणा साऱ्या मालात उतरतो. धुऊन तयार करावयाच्या फळांचा गर त्याच दिवशी काढावा. ढीग साचला की आंबूस वास येतो आणि तो भाजणीनेही जात नाही. वाळलेली बी भोवतालचे वास शोषून घेते. मिरची, खत वा रॉकेलशेजारी ठेवलेले पोते खरेदीदाराला नुसत्या वासावरून ओळखू येते. प्रत्येक फेरीचा माल वेगळा वाळवून पोत्यावर तारीख व प्रक्रिया लिहून ठेवावी. भाजणी करणारा प्रथम हेच विचारतो.