एक फिल्डर आत, एक चेंडू जास्त

नागपूरच्या महालातल्या बोळात खेळायचं तर आधी नियम ठरतात, मग टॉस होतो. चेंडू थेट कुणाच्या वाड्यात गेला की आऊट. एक टप्पा पडून एका हातात आला तरी आऊट. पुढच्या बोळात नियम वेगळे, कारण तिथल्या भिंती वेगळ्या. बोळ इतका अरुंद की उचलून मारणाऱ्याला कुणी अडवूच शकत नाही. म्हणून पोरं स्वतःहून बॅटला लगाम घालतात आणि बॉलरला जगायला जागा करून देतात. मोठ्या मैदानावरचे नियमही याच हिशेबानं बदलत आले आहेत. एवढासा बदल किती दूरवर जातो, हे पाहायला नागपूरकराला गाव सोडावं लागत नाही.

३१ ऑक्टोबर १९८७. सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान, वर्ल्ड कप, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले; वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. न्यूझीलंडच्या झाल्या २२१. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर राहायचं तर भारताला त्या ४२.२ षटकांत ओलांडायच्या होत्या, म्हणजे षटकाला सव्वापाचच्या आसपास. त्या काळी ही मोठी घाई होती. गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, वनडेतलं त्यांचं एकमेव शतक, आणि सामना ३२.१ षटकांतच संपला.

आता त्याच शहरातला ३० ऑक्टोबर २०१३ हा दिवस घ्या. जामठ्याचं मैदान, ऑस्ट्रेलिया ६ बाद ३५०. बेली १५६, वॉटसन १०२. भारतानं तीन चेंडू राखून ३५१ केल्या. धवनचं शतक, कोहलीच्या ६६ चेंडूंत नाबाद ११५. एका दिवसात ७०१ धावा! खेळपट्ट्या बदलल्या होत्या, बॅटी जाड झाल्या होत्या, ट्वेंटी-ट्वेंटीनं फलंदाजांची भीड चेपली होती, हे सगळं खरं. पण आदल्याच वर्षी नियमात एक आकडा बदलला होता आणि मला त्याचंच नवल वाटतं.

तो आकडा म्हणजे सर्कलबाहेर किती फिल्डर ठेवता येतात. हे सर्कल का आलं, त्याची गोष्ट छान आहे. १९७९ मध्ये सिडनीला वेस्ट इंडीजला शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या होत्या. इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीनं विकेटकीपरसकट सगळे सीमारेषेवर नेऊन उभे केले. नियमात बसत होतं. पण त्याला क्रिकेट म्हणायचं कसं? पुढच्या मोसमात ऑस्ट्रेलियात मैदानावर वर्तुळ आखलं गेलं, १९८३ च्या वर्ल्ड कपमध्ये चार जण कायम आत ठेवणं सक्तीचं झालं. तेव्हापासून भांडण एकच: बाहेर किती?

बरीच वर्षं उत्तर होतं पाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते चार झालं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ऑफस्पिनरच्या जागी उभे राहून पाहा. लाँग ऑन, लाँग ऑफ, डीप मिडविकेट, डीप स्क्वेअर लेग; संपले चार. ऑफला डीप पॉइंट मोकळा. तिथं माणूस नेलात तर लेगची एक बाजू उघडी पडते. भोक कुठं ठेवायचं एवढंच कर्णधाराच्या हातात, आणि ते भोक चेंडू पडायच्या आधीच फलंदाजाला दिसतं. बॉलरला मग एकाच टप्प्यावर, एकाच रेषेत टाकत राहावं लागतं. तो पुढं काय टाकणार हेही समोरच्याला कळतं. एक माणूस वीस-पंचवीस पावलं आत आला आणि बॉलरचं गुपितच उघडं पडलं. भरपाई म्हणून षटकाला दोन बाउन्सरची मुभा दिली, पण एवढ्यानं भागलं नाही. २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांसाठी पाचवा माणूस परत बाहेर गेला आणि बॅटिंग पॉवरप्लेही (बाहेर आणखी कमी फिल्डर असलेली, फलंदाजांनी स्वतः निवडायची षटकं) रद्द झाला.

त्या पॉवरप्लेनं कधी फलंदाजांचाच घात केला. मार्च २०११, वर्ल्ड कप, पुन्हा जामठा. सचिनचं शतक, भारत १ बाद २६७. पॉवरप्ले घेतला, जो तो उचलून मारायला गेला, आणि डाव २९६ वर आटोपला. २९ धावांत नऊ गडी! स्टेननं पाच घेतले. दक्षिण आफ्रिकेनं सामना जिंकला.

तरी माझ्या मते फिल्डरपेक्षा मोठा बदल चेंडूचा. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांनी एकेक नवा पांढरा चेंडू आला. म्हणजे पन्नासाव्या षटकातही चेंडू फार तर २५ षटकं जुना, अजून टणक. रिव्हर्स स्विंगला एक बाजू खडबडीत आणि दुसरी घासून जपलेली लागते. मग वेगात टाकलेला चेंडू नव्या चेंडूच्या उलट, चकाकीच्या बाजूला, तोही उशिरा वळतो. कातडं खरवडायला वेळच मिळाला नाही तर ती विद्या येऊन उपयोग काय? सचिननं २०१८ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं होतं. म्हणूनच आपल्या उमेश यादवचं मोल मला जास्त वाटतं. चेतन शर्माच्या हॅटट्रिकच्या सहा दिवस आधी जन्मलेला हा नागपूरचा बॉलर. दोन नवे चेंडू आणि सर्कलबाहेर चारच माणसं, अशा नियमांत त्यानं २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये १८ बळी घेतले, भारताकडून सर्वाधिक.

जुलै २०२५ पासून ३४ षटकांपर्यंतच दोन चेंडू. मग क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यातला एक निवडतो आणि उरलेली १६ षटकं त्यानंच टाकतो. हिशेब करा: १७ अधिक १६, शेवटी चेंडू ३३ षटकं जुना. गंमत म्हणजे २००७ ते २०११ या काळात एकच चेंडू असायचा आणि तो ३४ षटकांनंतर बदलायचे, कारण मळलेला पांढरा चेंडू फलंदाजाला दिसत नसे. तेव्हा जुनेपणा घालवायला वापरलेला ३४ हा आकडा आता जुनेपणा राखायला आला आहे. आणि आता पहिल्या षटकापासून एक नवाच पेच सुरू होतो: दोन्ही चेंडू सारखे घासायचे, की एकालाच शेवटासाठी तयार करायचं, आणि केलंच तर कोणत्या टोकाच्या?