चंद्र : निशाणी आणि गणित
(इस्लामी परंपरेतील चंद्रभंगाची घटना व माया संस्कृतीतील चंद्रप्रतिमा : एक तुलनात्मक विवेचन)

प्रस्तावना

सातव्या शतकाच्या प्रारंभी मक्केत राहणारा अरब आणि मध्य अमेरिकेच्या अरण्यात राहणारा माया माणूस यांना परस्परांच्या अस्तित्वाची कल्पनाही नव्हती. तथापि दोघांच्याही माथ्यावर चंद्र एकच होता आणि त्याची बाजूही एकच दिसत होती. या एका चंद्राचा अर्थ मात्र दोन्ही समाजांनी सर्वस्वी भिन्न रीतीने लावला. अरबस्थानात उदयास आलेल्या इस्लामने चंद्राकडे ईश्वराची निशाणी म्हणून पाहिले, तर माया संस्कृतीने त्यास देवतेचे रूप दिले आणि त्याच वेळी काटेकोर गणिताचा विषयही केले.

तुलनात्मक धर्मेतिहास शिकविताना एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. प्रेषित मुहम्मद यांच्या काळात चंद्र दुभंगल्याची जी घटना इस्लामी परंपरा सांगते, ती जगातील अन्य लोकांनी पाहिली नसेल काय? विशेषतः आकाशनिरीक्षणात निष्णात असलेल्या माया लोकांकडे तिची नोंद सापडू शकेल काय? या प्रश्नास घाईने 'होय' म्हणणारे जसे आढळतात, तसेच 'नोंद नाही, म्हणून घटना नाही' असे म्हणणारेही आढळतात. हे दोन्ही पक्ष एकाच प्रकारची चूक करतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

इस्लामी परंपरा : निशाणी म्हणून चंद्र

कुरआनच्या ५४व्या अध्यायाचे नावच 'अल्-कमर' म्हणजे 'चंद्र' असे आहे. त्याच्या पहिल्या आयतीत अंतिम घटका समीप आल्याचा आणि चंद्र दुभंगल्याचा उल्लेख येतो. दुसऱ्या आयतीत निशाणी पाहूनही तोंड फिरविणारे व तिला जादू म्हणणारे लोक येतात. येथे 'निशाणी' या अर्थी आलेला अरबी शब्द आणि कुरआनातील वचनासाठी वापरला जाणारा 'आयत' हा शब्द एकच आहे, ही बाब अत्यंत अर्थपूर्ण आहे. ग्रंथातील वचन आणि सृष्टीतील वस्तू या दोन्ही 'वाचावयाच्या' निशाण्या आहेत, असा तिचा आशय होय.

'शक्क-उल-कमर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेचे तपशील हदीस संग्रहांत मिळतात. बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत अब्दुल्लाह इब्न मसऊद, अनस इब्न मालिक व इब्न अब्बास यांची कथने आहेत. मक्कावासीयांनी निशाणी मागितली, चंद्राचे दोन भाग झाले व त्यांच्या मधोमध हिरा पर्वत दिसला, असे त्यांतील वर्णन आहे. यांपैकी इब्न मसऊद हे स्वतः उपस्थित असल्याचे सांगतात. अनस हे मदिनेचे रहिवासी होते व इब्न अब्बास यांचा जन्मच हिजरतीच्या थोडाच आधीचा. त्यामुळे त्यांची कथने इतरांकडून ऐकलेली ठरतात.

बहुसंख्य भाष्यकारांनी ही घटना प्रत्यक्ष घडलेली मानली आहे. तथापि ती भविष्यात, अंतिम दिनी, घडावयाची आहे असाही अल्पमताचा अर्थ परंपरेत नोंदविलेला असून तो हसन बसरी यांच्या नावे सांगितला जातो. कुरआनच्या शैलीत निश्चित होणाऱ्या भावी गोष्टीसाठी भूतकाळी क्रियापद अन्यत्रही आलेले आहे. १६व्या अध्यायाचा आरंभ हे त्याचे उदाहरण होय.

चंद्राचे इस्लामी परंपरेतील स्थान केवळ या एका घटनेवर अवलंबून नाही. नवचंद्र हे लोकांसाठी व हज यात्रेसाठी कालमापनाचे साधन आहे, असे दुसरा अध्याय (आयत १८९) सांगतो. तर सूर्यास किंवा चंद्रास दंडवत घालू नका, असा ४१व्या अध्यायाचा (आयत ३७) आदेश आहे. चंद्र पूज्य नव्हे, तर उपयुक्त व सूचक आहे, ही भूमिका येथे स्पष्ट होते. अधिक मासासारखी व्यवस्था नाकारली गेल्यामुळे इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे राहते व रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. आपल्या पंचांगात साधारणतः पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक मास दिवाळीला शरदातच बांधून ठेवतो. हा फरक येथे ध्यानी घ्यावा.

या संदर्भात एक प्रसंग विशेष बोलका आहे. प्रेषितांचा बालपुत्र इब्राहिम मरण पावला त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. त्यावर प्रेषितांनी, सूर्य व चंद्र कोणाच्याही जन्मामुळे वा मृत्यूमुळे ग्रासले जात नाहीत, असे सांगितल्याचे हदीस नोंदविते. २७ जानेवारी ६३२ रोजीच्या ग्रहणाशी अभ्यासक या प्रसंगाचा मेळ घालतात. शोकाच्या क्षणी आपल्याला अनुकूल असा 'चमत्कार' आयता पुढे आला असताना तो नाकारला गेला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

साक्षीचा शोध : मलबार आणि चंद्रपृष्ठ

श्रद्धेला दूरच्या साक्षीदाराची ओढ असते. भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे केरळातील चेरमान पेरुमाळ राजाची कथा. राजाने आपल्या प्रासादातून दुभंगलेला चंद्र पाहिला, त्याचा अर्थ अरब प्रवाशांकडून जाणून घेतला आणि तो मक्केस गेला, अशी ही कथा आहे. कोडुंगल्लूर येथील चेरमान जुमा मशिदीची परंपरेने सांगितली जाणारी स्थापना इ.स. ६२९ची आहे. परंतु सोळाव्या शतकातील मलबारचे विद्वान जैनुद्दीन मखदूम यांनी 'तुहफतुल मुजाहिदीन' या अरबी ग्रंथात राजाच्या धर्मांतराचा वृत्तांत देताना त्याच्या रूढ कालनिर्णयाविषयी शंका व्यक्त केली असून, ही घटना हिजरी सनाच्या दुसऱ्या शतकानंतरची असावी असे मत दिले आहे. निष्ठावान मुस्लिम लेखकाने स्वतःच्या परंपरेला सोयीची असलेली तारीख तपासून बाजूला ठेवली, हा इतिहासलेखनाचा धडाच होय.

आधुनिक काळात हीच ओढ निराळ्या रूपात दिसते. 'रीमा एरिआडेअस' या चंद्रावरील सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या चरीचे छायाचित्र अपोलो १० मोहिमेत (१९६९) घेतले गेले. ते चंद्र दुभंगून पुन्हा जुळल्याचा पुरावा म्हणून प्रसृत केले जाते. वास्तविक दोन समांतर भ्रंशरेषांमधील कवचाचा भाग खचल्याने अशी चर निर्माण होते, आणि ती चंद्राला वेढा घालीत नाही. येथे श्रद्धेचे समर्थन होत नाही. उलट, उद्या खोटा ठरणाऱ्या पुराव्यावर तिला उभे केले जाते.

माया परंपरा : गणित आणि देवता

चंद्र दुभंगल्याची घटना परंपरेनुसार हिजरतीपूर्वी काही वर्षे, म्हणजे इ.स. ६२२च्या आधी घडली. याच सुमारास, इ.स. ६१५मध्ये, पालेंके येथे बारा वर्षांचा पकाल सिंहासनावर आला. माया संस्कृतीचा हा वैभवाचा काळ होता. या काळातील शिलास्तंभांवर दीर्घगणनेतील तारखेबरोबरच चंद्रविषयक चिन्हांची एक मालिका कोरलेली आढळते. चंद्राचे वय किती दिवसांचे आहे, सहा चांद्रमासांच्या गटातील कितवा मास चालू आहे आणि तो २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, ही माहिती त्या मालिकेत असते. जॉन टीपल यांनी १९२०च्या दशकात या चिन्हांचा उलगडा केला.

या गणिताची अचूकता विस्मयकारक आहे. कोपान येथे १४९ चांद्रमासांचे ४,४०० दिवस धरले गेले, तर पालेंके येथे ८१ मासांचे २,३९२ दिवस. यापैकी दुसऱ्या प्रमाणाची पाचपट म्हणजे ४०५ मास व ११,९६० दिवस. 'ड्रेस्डेन पोथी'तील ग्रहणकोष्टक नेमके याच कालावधीचे असून, ही संख्या मायांच्या २६० दिवसांच्या धार्मिक चक्राची ४६ पट आहे. आधुनिक गणनेशी ताडून पाहता सुमारे ३३ वर्षांत पडणारा फरक तीन तासांहूनही कमी आहे. कोष्टकातील १७७ व १४८ दिवसांची अंतरे ग्रहणाची शक्यता असलेले दिवस दर्शवितात.

गणिताच्या जोडीने प्रतिमाही आहेत. अभिजात काळातील मायाकलेत चंद्रकोरीत बसलेली व हाती ससा घेतलेली तरुण स्त्री दिसते. याउलट किचे मायांच्या 'पोपोल वूह' या ग्रंथात सूर्य व चंद्र होऊन आकाशात चढणारी जुळी भावंडे पुरुष आहेत. कोझुमेल बेटावर जिच्या दर्शनास यात्रेकरू जात, ती इश्चेल देवी प्रसूती व औषधी यांची अधिष्ठात्री असल्याचे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने नोंदविले आहे. तिला सरसकट चंद्रदेवी म्हणण्याचा एरिक थॉम्पसन यांचा प्रघात पुढील अभ्यासकांनी प्रश्नांकित केला आहे. तात्पर्य, माया परंपरेतही चंद्राचा अर्थ एकच एक नव्हता.

माया साक्ष देऊ शकतात काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मक्का व माया नगर तिकाल यांच्या रेखांशांत सुमारे १३० अंशांचे, म्हणजेच साडेआठ तासांहून अधिक अंतर आहे. घटना पौर्णिमेच्या सुमारास मक्केच्या पूर्वरात्री घडली असे मानल्यास तिकाल येथे तेव्हा दिवस असणार व चंद्र क्षितिजाखाली असणार. उत्तररात्र मानल्यासच तो तेथे दिसू शकतो. सर्वत्र एकाच वेळी रात्र नसते, हा युक्तिवाद मध्ययुगीन मुस्लिम विद्वानांनीही केलेला आहे.

दुसरा मुद्दा नोंदीच्या स्वरूपाचा. माया शिलालेख नियमित चक्रांची व राजांच्या कारकिर्दीची नोंद करतात, आकस्मिक आकाशदृश्यांची नव्हे. १६ जुलै ७९०च्या सूर्यग्रहणाची पोको उइनिक येथील नोंद अपवादात्मकच मानली जाते. १५६२ साली मानी येथे लांदा याने माया पोथ्या जाळल्या आणि आज केवळ चारच पोथ्या उरल्या आहेत. अशा अवशेषांतील मौनाला होकार वा नकार समजणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

साम्यांचा अर्थ

तथापि तुलना व्यर्थ नाही. आपणही चंद्राला 'शशांक' म्हणतो आणि मायाही त्यात ससा पाहतात. ग्रहणाला आपण 'ग्रास' म्हणतो, तर युकातेक माया भाषेत त्यासाठी 'चावा घेणे' या अर्थाचा शब्द आहे. ग्रहणकाळी गर्भवतीने बाहेर पडू नये, ही समजूत दोन्हीकडे आढळते. यावरून प्राचीन संपर्काचे तर्क लढविण्याची गरज नाही. चंद्रावरील काळसर मैदानांची आकृती सर्वत्र तीच दिसते, तिचा क्षयही सर्वत्र कडेकडेने होतो, आणि गर्भाविषयीची चिंता सर्वच समाजांत असते. वस्तू समान असल्याने काही अर्थ जुळतात. समाज भिन्न असल्याने काही जुळत नाहीत. आपल्या मुलांचा मामा असलेला चंद्र मायांकडे कधी तरुण स्त्री, तर कधी वीर जुळ्यांपैकी एक असतो.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. इस्लामी परंपरेत चंद्राचे महत्त्व तो स्वतःपलीकडे निर्देश करतो यात आहे. चंद्रभंगाची घटना याच दृष्टीचा परमोत्कर्ष होय. माया परंपरेत चंद्राचे महत्त्व त्याच्या पुनरावृत्तीत आहे. एकीकडे नियमाचा भंग अर्थपूर्ण ठरतो, तर दुसरीकडे नियमाचे सातत्य.

२. म्हणूनच एका परंपरेला दुसरीच्या साक्षीस उभे करणे हा दोहोंवरही अन्याय आहे. त्यात कुरआनची आयत वृत्तपत्रातील बातमीच्या पातळीवर येते आणि माया शिलालेख अन्य कोणाच्या वादातील कागद ठरतो.

३. ग्रहणाचे आयते समर्थन नाकारणारा हदीसमधील प्रसंग आणि सोयीची तारीख नाकारणारे जैनुद्दीन मखदूम हे दाखवितात की, पुराव्याविषयीचा प्रामाणिकपणा ही केवळ आधुनिक विद्यापीठांची देणगी नाही. श्रद्धेच्या अंतरंगातही त्याला स्थान आहे.

वर्गातील विद्यार्थी जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या मनात श्रद्धा असते किंवा शंका असते, आणि पुष्कळदा दोन्हीही असतात. त्याच्या श्रद्धेचा उपहास करणे जितके अनुचित, तितकेच खोट्या पुराव्याने तिचे समाधान करणेही अनुचित होय. त्याच्या हाती मूळ ग्रंथ, शिलालेख व रेखांशांचे गणित देणे आणि त्यांतून कोणते विधान निघते व कोणते निघत नाही हे त्याला स्वतः पारखू देणे, हेच अध्यापकाचे कर्तव्य ठरते.